समुद्राआधीचा मुक्काम

मला कुठंही वेळेवर पोचता येत नाही. मी नेहमी फार आधी पोचते. लग्नाला जावं तर मांडववाले अजून खुर्च्या मांडत असतात, बँकेत जावं तर शटर अर्धंच वर गेलेलं असतं. शाळेत शिकवत होते तेव्हा आमचा शिपाई म्हणायचा, बाई, किल्ल्या तुमच्याच पर्समध्ये राहू द्या, माझी तेवढी झोप होईल. हा स्वभाव कुठून आला ते मला पक्कं ठाऊक आहे. मी ज्या घरात वाढले तिथं रोज पहाटे कुणाची ना कुणाची गाडी चुकता चुकता राहायची, आणि ती चुकू नये म्हणून सगळं घर उभं असायचं.

तर निवृत्त झाल्यावर मी आईसाठी आणि माझ्यासाठी जहाजाची सफर ठरवली. मुंबईहून निघायचं, दोन रात्री समुद्रावर राहायचं आणि मुंबईलाच परत यायचं. आई पंचाहत्तरी ओलांडलेली. तिनं समुद्र पाहिलेला नव्हता. शाळेतल्या बायका हे ऐकून हळहळल्या, पण आमच्या भागात समुद्र न पाहता म्हातारी झालेली माणसं घरोघरी आहेत आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. आईचं बिघडलं होतं. ती एकदा समुद्राला निघाली होती आणि तिला जायला मिळालं नव्हतं. या वेळी तिला नेल्याशिवाय मी राहणार नव्हते.

जहाज दुपारी सुटणार होतं. आमच्या रेल्वेगाडीचा काही भरवसा नाही, कसाऱ्याच्या घाटात थांबली की थांबली. त्यामुळं आदल्या दिवशीच मुंबईत पोचून मुक्काम करणं भाग होतं. म्हणजे हॉटेल आलं, आणि हॉटेल आलं तसा माझ्या जिवाला घोर लागला. मी फोनवर नकाशा उघडला तो बंदच करेना. दळणाच्या रांगेत, मेथी निवडताना, केस वाळवताना, सारखं बोटानं नकाशा मोठा करायचा आणि बघायचं, बंदराचं दार कुठं, हॉटेलचं दार कुठं, मध्ये रस्ता ओलांडावा लागतो का. एक हॉटेल बंदराच्या अगदी तोंडाशी होतं, पण त्याला लिफ्ट नव्हती. दुसऱ्याला लिफ्ट होती, पण तिथं राहून गेलेल्या एका बाईनं लिहिलं होतं की लिफ्ट पायऱ्यांपेक्षा हळू चालते. तिसऱ्याच्या फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता. मी तो फोटो इतक्या वेळा पाहिला की शेवटी मला वाटायला लागलं, खिडकीला लटकल्याशिवाय तो दिसणार नाही. शाळेतली एक मैत्रीण म्हणाली, दादरला उतरा, जेवण आपलं मिळतं. तिला मी म्हटलं, मला जेवायला जायचं नाही, जहाज गाठायचंय. ती दोन दिवस बोलली नाही.

मला खरं तर एकच गोष्ट हवी होती. सकाळी उठल्यावर खिडकीतून आईला तिचं जहाज उभं दिसावं. मग ते आपल्याला टाकून जाईल ही धाकधूक उरणार नाही. हे माझं मला सुचलेलं, आईनं असं काही मागितलं नव्हतं. आई वेगळंच विचारत होती.

“काय पाहू राहिली एवढं?” ती विचारायची. मी फोन तिच्यापुढं धरायची. ती खोलीचे फोटो बघायची, पलंग, पडदे, टीव्ही, आणि म्हणायची, “हे झालं. पण सकाळी उठवतं कोण?”

“फोन वाजतो खोलीतला. आपण सांगून ठेवलं की ते वाजवतात.”

“फोन उठवणार?”

“व्हय, फोन उठवणार.” मी तिच्याच बोलीत सांगायची.

“आन निघायच्या टायमाला दारात कोण असतं?”

“दारात वॉचमन असतो आई.”

त्यावर तिचं तोंड बघून कळायचं की हॉटेल नापास झालं. मुंबईत आपलं कुणी नाय का, असंही तिनं एकदोनदा विचारून पाहिलं. भाऊ पुण्याला, मुंबईत आमचं कुणीच नाही. मी चिडायची. एवढी धडपड करून मी बंदराजवळची खोली शोधते आहे आणि हिला दारात उभं राहायला माणूस पाहिजे. एका हॉटेलला तर मी खरंच फोन लावून विचारलं की निघताना दारात कुणी असतं का. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, सामान उचलायला माणूस मिळेल मॅडम. शेवटी मी खिडकीतून समुद्र दाखवणारं तेच हॉटेल ठरवलं आणि ठरवल्यावरही नकाशा बघत राहिले.

आईचे प्रश्न विचित्र वाटतील, पण ते सगळे तिच्या धंद्यातले होते. धंदा म्हणायचा, कारण एवढे कष्ट दुसरं कुणी फुकट करणार नाही.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर काही वर्षांनी माझ्या आजोबांनी सिल्लोडकडच्या गावातली थोडी जमीन विकली आणि शहरात जागेचा एक तुकडा घेतला. तेव्हा भोवती सगळं माळरान होतं असं सांगतात. मग एसटीचा स्टँड आला, तो नेमका आमच्या घरापुढं. सिमेंटच्या पत्र्याचं, दोन खोल्या आणि एका पडवीचं आमचं घर एकाएकी मोक्याच्या जागी आलं. आता बोर्डावर छत्रपती संभाजीनगर असतं, तेव्हा गावाकडची माणसं औरंगाबादला चाललो म्हणायची, आणि औरंगाबादला म्हणजे आमच्याकडं. पहाटेची पहिली गाडी धरायची असली की आदल्या संध्याकाळी आमच्या दारात. कुणाची परीक्षा, कुणाची हायकोर्टात तारीख, कुणाला सरकारी दवाखान्यात दाखवायचं, कुणाला नोकरीसाठी पुण्याला जायचं. अजिंठ्याच्या बाजूचा एक मेंढरंवाला यायचा, तो गादी नको म्हणायचा, अंगणात स्वतःची घोंगडी टाकायचा आणि तरी आई त्याच्या उशाशी तांब्या ठेवायचीच. माझी गादी मात्र कायम कुणाच्या ना कुणाच्या अंगाखाली. मी आणि भाऊ स्वयंपाकघरात पोत्यावर झोपायचो. मला त्या पाहुण्यांचा मनापासून राग यायचा, आणि तो राग अजून गेलेला नाही.

आई आल्या माणसाला पाणी द्यायच्या आधी विचारायची, “कितीची गाडी?” मग सगळं त्या गाडीच्या मागं. पहाटे चुलीवर पाणी, शिदोरीला भाकरी आणि ठेचा, आणि निघताना हातावर दही-साखर. माणूस उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा तेव्हा ती दारात उभी असायची आणि म्हणायची, “नीट जा. जाऊन या. पोचल्यावर कळवा.”

कुणी कळवायचं नाही. ती संध्याकाळपर्यंत आपल्याशीच बोलत असायची, आता जालना मागं पडलं असंल, आता पोचला असंल. वडील हसायचे. म्हणायचे, अगं, पोचली की पोचली ती माणसं, त्यांना तू कशाला आठवतेस. पण दुसऱ्या दिवशीही ती पोस्टमन गेल्यावर थोडा वेळ दारात रेंगाळायची.

आणि घरात खुंट्यांवर गाठोडी असायची. हे आता कुणाला सांगावं लागतं. प्रवासाला चांगला दिवस मंगळवारचा निघाला आणि जायचं शुक्रवारी असलं, तर मंगळवारी प्रस्थान ठेवायचं. एका फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि आपल्या अंगावरचा एखादा कपडा बांधायचा आणि ते गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे तुम्ही चांगल्या दिवशी घर सोडलं. मग शुक्रवारी ते उचलायचं आणि तसंच पुढं जायचं, त्याच्यासकट माघारी घरी यायचं नाही. गावातली माणसं शहरात येणाऱ्या कुणाबरोबर तरी आपलं गाठोडं आमच्याकडं पाठवून द्यायची. माणसं नंतर यायची, त्यांच्या प्रवासाची सुरुवात आमच्या खुंटीवर आधीच लटकलेली असायची.

मी चौथीत होते तेव्हा वडिलांना कचेरीतून प्रवासाची सवलत मिळाली आणि त्यांनी आईला समुद्र दाखवायचं ठरवलं. मुंबईला जायचं, तिथून बोटीनं कोकणात. तेव्हा आईचं पहिलं गाठोडं बांधलं गेलं. ते शेजारच्या काकूंकडं ठेवायला ती स्वतः गेली. हिरवं खणाचं चोळीचं कापड होतं त्यात. तीन दिवस ती घरात अशी वावरत होती, जणू तीच पाहुणी आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी गावाकडून वडिलांची आत्या आली, तिच्या सुनेला दवाखान्यात ठेवायचं होतं. सूनबाई महिनाभर दवाखान्यात आणि आत्या महिनाभर आमच्याकडं. वडील आईला म्हणाले, समुद्र कुठं पळून चाललाय का. आठवड्यानं काकूंनी गाठोडं परत आणून दिलं, त्यांनाही ते ठेवून घेणं बरं वाटेना. आईनं ते सोडलं. कापड घडी करून पेटीत टाकलं आणि तांदूळ त्या रात्रीच्या खिचडीत घातले. त्यानंतर तिनं समुद्राचं नाव काढलं नाही, आणि समुद्राचं काय झालं असं तिला कुणी विचारलंही नाही. मी विचारलं नाही कारण मला आत्याचा एवढा राग आला होता की मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

पुढं रस्ता रुंद झाला, घराची पुढची बाजू गेली, उरलेली जागा विकून भावाचे आणि माझे वाटे झाले. वडील त्याआधीच गेले होते. मी बीड बायपासच्या पलीकडं फ्लॅट घेतला, आईला घेऊन तिथं राहायला आले. तिथं कुणीच येत नाही. स्टँड लांब, स्टेशन लांब, आणि आता लोकांकडं आपापल्या गाड्या. आई तरी पहाटे उठायची आणि गॅसपाशी उभी राहायची. चहा ठेवायची आणि मग घरात आम्ही दोघीच आहोत हे लक्षात आल्यासारखी भांड्यातलं पाणी थोडं ओतून द्यायची. जुन्या घराच्या रस्त्यानं ती कधी गेली नाही. गुलमंडीला जायचं असलं तरी रिक्षावाल्याला दुसरीकडून घ्यायला लावायची.

तर हॉटेल ठरलं, गाडीची तिकिटं झाली, आणि निघायच्या आठवड्यात आईनं पंचांग काढलं. मंगळवार चांगला निघाला. आमची गाडी शुक्रवारी पहाटे. मंगळवारी सकाळी बघते तर तिनं गाठोडं बांधलेलं. पेटीतलं तेच हिरवं कापड.

“हे कुठं ठेवायचं आता?” मी विचारलं.

“शेजारी.”

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वाळूजच्या कंपनीत जाणारं एक जोडपं राहतं. ते सकाळी गेलेले. खालच्या मजल्यावर कुलूप. शेवटी आई वरच्या मजल्यावरच्या बाईंकडं गेली. बाई चांगल्या आहेत, सोसायटीच्या गणपतीत आरती म्हणतात, पण त्यांनी गाठोड्याला हात लावला नाही. म्हणाल्या, काकू, आत काय आहे? आईनं सरळ सांगितलं, तांदूळ, सुपारी, हळकुंड. झालं. बाईंचं तोंड उतरलं. आमच्याकडं बाळ लहान आहे काकू, असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. आई जिना उतरून खाली येईपर्यंत माझ्या फोनवर सोसायटीच्या ग्रुपचा निरोप येऊन पडला, की कुणीही कुणाच्या दारात लिंबू, तांदूळ, हळद असल्या वस्तू ठेवू नयेत, असले प्रकार आपल्या इमारतीत खपवून घेतले जाणार नाहीत. खाली कुणीतरी हात जोडल्याची चित्रं टाकली होती.

मी तो निरोप आईला वाचून दाखवायला नको होता, पण मला हसू आलं आणि मी वाचला. तिला वाटलं मी तिलाही हसते आहे.

“राहू दे,” ती म्हणाली. “मला नाय जायचं.”

“आई, पैसे भरलेत.”

“मंग तू जा. जहाजाला काय माझ्यावाचून निघता येत नाय का?” आणि तिनं गाठोडं पुढ्यात घेतलं. मला दिसलं की ती गाठ सोडायला बसली आहे. एकदा तांदूळ खिचडीत गेले होते. या वेळी गेले असते तर ती पुन्हा कुठंच निघाली नसती, हे मला त्या क्षणी इतकं स्वच्छ कळलं की मी तिच्या हातातून गाठोडं जवळजवळ ओढूनच घेतलं. म्हटलं, पायात चपला घाल, आपण बाहेर जाऊ, कुणी ना कुणी ठेवून घेईल. कुणाकडं जायचं ते मला ठाऊक नव्हतं. मला नुसतं घरात बसवत नव्हतं.

रिक्षात मी ओळखीच्या माणसांची नावं आठवत होते. एक शिक्षिका मुलीकडं बंगळूरला गेलेली, दुसरी असल्या गोष्टींविरुद्ध व्याख्यान देणारी. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, बाई, कुठं? मी म्हटलं, चला तर खरं. क्रांती चौक आला आणि आई एकदम म्हणाली, “स्टँडकडं घे.”

आमच्या घराच्या जागी लॉज आहे हे आम्हाला ऐकून माहीत होतं. पाहिलं तेव्हा पहिल्यांदा. पिवळ्या रंगाची अरुंद इमारत, खाली काउंटर, वर खोल्या, दारात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. आई उतरली. मी तिच्या मागं पळाले, रिक्षाचे पैसे द्यायचे राहिले म्हणून परत पळाले, आणि आत पोचले तोवर ती काउंटरपुढं उभी होती. काउंटरमागं एक मध्यमवयीन दाढीवाला माणूस, फोनवर काहीतरी बघत बसलेला.

“रूम होना क्या अम्मा?”

“खोली नको,” आई म्हणाली. “हे ठिवायचंय. शुक्रवारी नेईन.”

मी कान बंद करून घेतल्यासारखी उभी. आता हाही आत काय आहे ते विचारणार. त्यानं विचारलंच. आईनं गाठोडं काउंटरवर सोडून दाखवलं, तांदूळ, सुपारी, हळकुंड, कापड. तो बघत राहिला. मग म्हणाला, “अमानत है?”

“हौ,” आई म्हणाली. “अमानत.”

त्यानं गाठोडं पुन्हा बांधलं, तिनं बांधलं होतं तसं नाही, पण बांधलं, आणि मागच्या फळीवर किल्ल्यांच्या वर ठेवून दिलं. मी बाहेर आल्यावर आईला म्हटलं, अगं, पण हे तर आपलंच घर होतं. प्रस्थान दुसऱ्याच्या घरी ठेवायचं असतं ना?

“आता दुसऱ्याचंच हाय,” ती म्हणाली. “चालतंय.”

तिच्या आवाजात काहीच नव्हतं, ना दुःख ना टोमणा.

शुक्रवारची गाडी पहाटेची होती. बायपासला त्या वेळी रिक्षा मिळत नाही आणि मी रिक्षाच्या भरवशावर राहणाऱ्यांतली नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी आम्ही सामानासकट त्या लॉजवरच राहायला गेलो. एवढे दिवस मी मुंबईच्या हॉटेलांचा अभ्यास केला, पडदे, लिफ्ट, गरम पाणी सगळं तोलून पाहिलं, आणि पहिला मुक्काम पडला तो जिथं मी पोत्यावर झोपायची तिथं. खोली पहिल्या मजल्यावर मागच्या अंगाला होती. चादर धुतलेली पण डाग न गेलेली, पंखा आवाज करणारा. आई खिडकीशी गेली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या मशिदीचा मिनार दिसायचा, पण मधल्या भिंतीमुळं अर्धाच. तिनं बघितलं आणि म्हणाली, “आता पुरा दिसतो.” मग तिनं पलंगावरच्या दोन्ही उशा झटकल्या, जगमधलं पाणी बदलून आणलं आणि माझ्या उशाशी ठेवलं. मी म्हटलं, आई, आज तू पाहुणी आहेस. ती म्हणाली, व्हय ग, सवय हाय.

पहाटे ती माझ्या आधी तयार. अंघोळ झालेली, नऊवारी नीट नेसलेली, केस बसवलेले. खाली काउंटरवर तोच माणूस होता, झोपेतून उठून बसलेला. त्यानं न सांगता फळीवरचं गाठोडं काढून आईच्या हातात दिलं. मी स्टेशनपर्यंतची रिक्षा आधीच सांगून ठेवली होती. बॅगा ठेवल्या, तिकिटं पुन्हा बघितली, आधारकार्डं पुन्हा बघितली, आणि मागं वळून बघते तर आई अजून आतच. दाराच्या आत, उंबऱ्याला पाय न लावता उभी.

“आई, चल ना.”

ती हलली नाही. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. माझं डोकं फिरायची वेळ आली. एवढं सगळं करून ही आता दारात अडली. मी परत आत गेले आणि जरा आवाज चढवूनच विचारलं, आता काय राहिलं?

ती माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, “कुणी काही म्हटलं नाय.”

मला कळलंच नाही. आणि मग कळलं. मी म्हटलं, थांब, मी म्हणते, नीट जा, जाऊन ये. तिनं मान हलवली. “तू तर सोबत येऊ राहिली. मागं राहणाऱ्यानं म्हणायचं असतं.”

आयुष्यभर तिनं म्हटलं होतं. त्या दारातून बाहेर पडलेल्या प्रत्येक माणसाला तिनं म्हटलं होतं, आणि ती एकटीच मागं राहिली होती. हॉटेलच्या दारात कोण असतं हे ती इतक्या वेळा का विचारत होती ते मला त्या लॉजच्या दारात कळलं. मी काउंटरवरच्या माणसाला माझ्या मोडक्या हिंदीत काहीतरी सांगायला लागले, की हमारे में ऐसा रहता, हात पे दही देते, और बोलते. मला फार लाज वाटत होती. त्यानं मला अर्ध्यातच थांबवलं.

“दही तो नहीं है,” तो म्हणाला आणि आत गेला. चहाच्या सामानातून चिमूटभर साखर कागदावर घेऊन आला. आईनं उजवा हात पुढं केला. त्यानं तळहातावर साखर टाकली, सांडू नये म्हणून दुसऱ्या हातानं कागद वाकवून. तो अवघडला होता, काय म्हणायचं ते त्याला माहीत नव्हतं. मग त्याला जे येत होतं ते तो म्हणाला.

“जाके आओ अम्मा. पहुँचे तो फोन करना.”

आईनं साखर तोंडात टाकली. “येते,” ती म्हणाली आणि उंबरा ओलांडून बाहेर पडली, मला मागं टाकून सरळ रिक्षात जाऊन बसली.

गाडी घाटात थांबली, मी म्हटलं होतं तशीच. माझा जीव टांगणीला. आई गाठोडं मांडीवर घेऊन बाहेर बघत होती आणि शिदोरीतली भाकरी समोरच्या माणसालाही देत होती. मुंबईत पोचायला संध्याकाळ व्हायला आली. हॉटेल बंदरापासून खरंच जवळ होतं, लिफ्ट चालत होती, आणि खोलीचं दार उघडून मी पडदा ओढला तर खिडकी भरून पाणी होतं. लटकायची गरज नव्हती. डाव्या अंगाला एक मोठं पांढरं जहाज उभं होतं. आमचंच होतं की दुसरं, मला माहीत नाही, पण उभं होतं.

“आई, बघ. समुद्र.”

आई पलंगाच्या कडेवर बसली होती, खिडकीकडं पाठ करून.

“पयले फोन लाव,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“लॉजला. पोचल्याचं कळवायचंय.”

मी म्हटलं, लावू नंतर, आधी उजेड आहे तोवर बघून घे. ती वळली नाही. मी पर्समधून लॉजची पावती शोधली, त्यावरचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. आई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिच्यामागं पाण्यावरचा उजेड कमी होत चालला होता आणि मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो बोलला. मी फोन तिच्या कानाला धरला.

“पोचले,” ती मोठ्यानं म्हणाली. “मी. गाठोड्यावाली. सुखरूप पोचले.”

तिकडून त्याचा आवाज मलाही ऐकू आला. “हौ अम्मा. अच्छा हुआ. दोपहर से देख रहा था मैं, अब तक पहुँची होगी करके.”

आईनं फोन माझ्या हातात दिला. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग पलंगाला हात टेकून उठली आणि म्हणाली, “हं. आता दाखव तुझा समुद्र.”